पंख्याचं चित्र असलेला डबा

ती घटना आठवायला मला कुठलं निमित्त लागत नाही. कुणाला भेटायला दवाखान्यात गेलो आणि एखाद्या दारावर पिवळ्या रंगात ते तीन पात्यांचं काळं चित्र दिसलं, की माझे पाय जागच्या जागी थबकतात. सोबत बायको असली तर म्हणते, "चला हो, आता रिटायर झालात तुम्ही." नोकरीतून रिटायर होता येतं. भीतीतून रिटायर करणारा जी.आर. सरकारने अजून काढलेला नाही.

माझी बरीचशी नोकरी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत गेली. अहेरीकडे असताना रस्त्यावर ताजी उकरलेली माती दिसली की सुरुंगाच्या संशयाने गाडी थांबवून खाली उतरायचं आणि जपून पाऊल टाकायचं, हे अंगवळणी पडलं होतं. ती भीती मोठीच होती, पण तिला जागा होती. ती पायाखाली असायची. मी आज ज्या प्रकरणाबद्दल लिहितोय त्यातली भीती दिसत नव्हती, तिला वास नव्हता, आणि ती कुठे जाऊन बसली आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती माझ्या ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवरही असू शकली असती.

नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. रुग्णालयाचं नाही, कंपनीचं नाही, गावाचंही नाही. नाव आलं की लोक गोष्ट सोडून नावाच्या मागे लागतात, असा माझा अनुभव आहे.

धान कापणीचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपून मी समन्स-वॉरंटचा ढीग उपसत बसलो होतो. बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक बाई आल्या. गळ्यात रुग्णालयाचं ओळखपत्र, चेहरा पांढराफटक. आमचा अंमलदार भला माणूस, पण फिर्याद घेताना त्याचा सूर रेशन दुकानदारासारखा.

"काय गेलं?"

"डबा."

"कशाचा?"

"शिशाचा. जड. एवढासा," त्यांनी दोन्ही हातांनी दुधाच्या बरणीएवढं माप दाखवलं.

"किंमत अंदाजे?"

"किंमत विचारू नका हो," बाई एकदम ओरडल्या. "तो कुणी उघडला का, ते विचारा!"

त्या आवाजाने मी खुर्चीतून उठलो. चोरीची फिर्याद द्यायला आलेला माणूस रडतो, चिडतो, शेजाऱ्यावर संशय घेतो. घाबरत नाही, कारण त्याचं जायचं ते गेलेलं असतं. या बाई घाबरलेल्या होत्या. मी त्यांना आत बोलावलं आणि पाणी दिलं. 

त्या रुग्णालयाच्या कर्करोग विभागात भौतिकतज्ज्ञ होत्या. किरणांचा उपचार किती आणि कसा द्यायचा याचं गणित मांडायचं, ते त्यांचं काम. यापुढे मी त्यांना मॅडमच म्हणतो. त्यांचा विभाग आणि प्रयोगशाळा जुन्या इमारतीतून गावाबाहेरच्या नव्या इमारतीत हलवायचं काम चालू होतं. त्यासाठी बाहेरची एक कंपनी आणली होती, जी दवाखाने आणि प्रयोगशाळाच हलवते, दुसरं काही नाही. ती कामाची पद्धत मी पुढे तपासात बघितली आणि खरं सांगतो, तोंडात बोट घातलं. प्रत्येक यंत्र खोललं की त्याचे भाग वेगळ्या पेटीत, पेटीवर रंगीत पट्टी. निळी पट्टी प्रयोगशाळेची, हिरवी वॉर्डाची. नाजूक पेटीवर एक काचेची टिकली असते. पेटी कुणी आडवी केली की ती टिकली रंग बदलते आणि मग कबूल करण्यावाचून गत्यंतर नाही. आमच्या कोठडीत अशी टिकली असती तर किती बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं.

जुन्या इमारतीच्या तळघरात एका तिजोरीत तो शिशाचा डबा होता. त्यात पूर्वीच्या काळी उपचाराला वापरायचे तसली, किरणोत्सर्गी पदार्थ भरलेली स्टीलची एक नळी होती. आगपेटीच्या काडीएवढी. बाकीच्या नळ्या नियमाप्रमाणे परत गेल्या होत्या, ही एक जायची राहिली होती. ती कंपनीने हलवायचीच नव्हती, तिच्यासाठी वेगळी परवानगी, वेगळी गाडी, सगळं वेगळं. पण तिजोरी हलवायची म्हणून कुणीतरी डबा बाहेर काढून बोळात ठेवला. नव्या इमारतीत सगळं लागलं, मॅडम आजारपणाच्या रजेवरून परतल्या, त्यांनी विचारलं, "डबा कुठाय?" आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले.

"डब्यात आहे तोवर काही नाही," मॅडम म्हणाल्या. "नळी बाहेर काढली तर आगीसारखीच आहे ती. फरक एवढाच, की चटका लगेच कळत नाही. माणूस खिशात घालून फिरतो, हसतो, जेवतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी कातडी लाल होते, सोलून निघते. जास्त वेळ जवळ राहिली तर माणूस जातो."

त्या बोलत होत्या आणि आमचा अंमलदार दारात उभा राहून ऐकत होता. त्याने नकळत स्वतःच्या खिशावर हात ठेवला. मीही माझा चाचपला, लपवून काय करायचं?

मी वरिष्ठांना फोन केला. मुंबईहून तज्ज्ञांचं पथक निघतंय असा निरोप आला. रुग्णालयाचे प्रमुख मला विनवत होते, "गाजावाजा करू नका, लोक पळत सुटतील." दुसरीकडून मॅडम म्हणत होत्या की लाउडस्पीकर लावून सांगा. दोघांचंही खरं होतं. लाउडस्पीकर लावला तर लोक पळतील, ते परवडलं. पण ज्याच्याकडे नळी आहे तो ती कुठल्या विहिरीत, कुठल्या तळ्या-बोडीत फेकून मोकळा होईल, मग कुणी शोधायची? मी ठरवलं, आधी माणूस शोधायचा. गुन्हा दाखल केला आणि गुन्हे शोधणाऱ्या डी.बी. पथकाला बोलावलं.

त्या पथकात माझे दोन जवान असे होते की बंदुकीसमोर छाती काढून उभे राहतील. त्यातला एक मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, मी जातो जी. पण घरी लहान लेकरं हायेत. आंगाले लागून घरी येत नाई ना थे?" मॅडमनी त्याला समजावलं, की नळीजवळ गेलेल्या माणसापासून दुसऱ्याला काही होत नाही, नळीपासून होतं. त्याने मान हलवली. पण घरी जाताना तो ठाण्याच्या नळावर साबण लावून कोपरापर्यंत हात धूत होता, ते मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सगळेच धुऊ लागले.

आधी आम्ही भंगाराची दुकानं पालथी घातली. मॅडम हातात यंत्र घेऊन पुढे, मागे आम्ही. नळी जवळपास असेल तर ते यंत्र टिकटिक करायचं. ते गप्प राहिलं की आधी हायसं वाटायचं आणि मग लगेच ध्यानात यायचं, की गप्प म्हणजे इथे नाही, आणि इथे नाही म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरात आहे.

त्या भंगारवाल्यांमध्ये एक माझा जुना खबऱ्या. अर्धं सांगायचं, अर्धं पोटात ठेवायचं, ही त्याची खोड. मॅडम पुढच्या दुकानात गेल्यावर तो माझ्या कानाशी आला. "साहेब, एक जन आलता शिसं घेऊन. मोठा गोळाच होता. मी भाव सांगतला तं त्याले पटला नाई. म्हने, एवढ्यात इकन्यापरीस जाळ्यालेच लावतो."

"आधी का नाही बोललास?"

"तुमी डबा इचारून राह्यलते जी. त्यानं डबा कुठी आनला? गोळा आनला होता."

म्हणजे शिसं वितळवलं होतं. डबा आता उरलाच नव्हता आणि नळी उघडी पडली होती.  पण एक धागाही हाती लागला होता. फेकायच्या जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवतात, नाहीतर जाळं पाण्यात बसत नाही. शिसं पाहून ज्याला जाळं आठवतं तो माणूस नदीकाठचा. कंपनीने सामान उचलायला जे हमाल इथूनच लावले होते त्यांत वैनगंगेच्या काठचा, मासेमारीच्या घरातला एकच जण निघाला. तो आरमोरीकडच्या एका गावचा जावई. त्याच दिवशी दुपारपर्यंत आम्ही त्याला कामावरून ठाण्यात आणलं.

वय पंचविशीच्या आसपास. कामाचं शरीर, गळ्यात गमछा. मी म्हटलं, "बस." तो बसला नाही. घाबरलेल्या माणसाला ठाण्यात बस म्हटलं की तो धपकन बसतो, त्याच्या पायातलं बळच गेलेलं असतं. हा उभाच. "नाई जी, बरा हावो उभा." सगळ्याला एकच उत्तर, "मले काई मालूम नाई साहेब." माझ्या सहकाऱ्याने आवाज चढवला, टेबलावर काठी आपटली. प्रत्येक आवाजासरशी तो आणखी मिटत गेला. गोगलगाय शिंगं आत घेते तसा.

मी स्वतः काही साधुसंत नव्हतो. दम देऊन बोलतं करणं हे आमच्या खात्याचं जुनं हत्यार, आणि ते चालतंही. पण त्या दिवशी मला दिसत होतं, की आम्ही जितकं घाबरवतोय तितका वेळ जातोय आणि ती नळी कुठेतरी आपलं काम करतेय. मी सहकाऱ्याला बाहेर पाठवलं आणि मॅडमना आत बोलावलं. दाराशी आमच्या महिला हवालदार उभ्या होत्या. त्याच भागातल्या, शेतकरी घरातल्या, दोन लेकरांची आई.

मॅडमनी त्याला आधी एकच विचारलं, "मांडी दुखते का हो?"

तो चपापला. "खाज सुटली जी. गजकर्न असन."

पँट सरकवून दाखवायला लावली, तर खिशाखाली मांडीवर तळहाताएवढा चट्टा होता, लालभडक, मधोमध फोड आलेला. तो पाहून मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी त्याला सांगितलं. "हे गजकर्ण नाही. तुम्ही ती नळी या खिशात ठेवत होता, त्याचं आहे. तुम्हाला कुणी मारणार नाही. तुमच्यावर उपचार करायचे आहेत. आत्ता ती तुमच्याजवळ नसली तर चांगलंच आहे, पण ज्याच्याजवळ असेल त्याला असंच होणार."

  त्याने मान वर करून बघितलं, माझ्याकडे नाही, मॅडमकडे.

"म्याडम, लहान्या लेकराले मोठ्या मान्सापेक्षा जास्त होते का थे?"

उभ्या नोकरीत मी किती प्रश्न विचारले असतील याची गणती नाही. पण तो तपास मी विचारलेल्या कुठल्याच प्रश्नाने फुटला नाही. तो आरोपीने विचारलेल्या या एका प्रश्नाने फुटला. 

"कुणाचं लेकरू?" मी विचारलं.

"असंच इचारलं जी."

दारातून हवालदार बाई पुढे आल्या. मला न विचारताच बोलल्या, "भाऊ, घरी बाळंतीण हाये का तुह्या?"

बस्स. तो खाली कोसळला. ज्या मांडीवर त्याला बसवत नव्हतं तिच्यावरच कोसळला आणि हुंदके द्यायला लागला. "पोरगी झाली जी मले. सासरवाडीले हाये बायको. म्या उशाले ठेवाले देल्ली नळी. लोखंड म्हनून देल्ली."

आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाला लोखंड ठेवतात. विळा, सुरी, अडकित्ता, जे असेल ते. बाळाला वाईट वारं लागू नये, दृष्ट लागू नये म्हणून. माझ्या आईनेही ठेवलं होतं, माझ्या बायकोच्याही उशाला होतं. या माणसाला वाटलं, विळा गंजका, पोरीच्या हातापायाला लागेल. ही नळी कशी चकचकीत, एका टोकाला सुईसारखं नेढं. त्यात काळा दोरा ओवून त्याने पहिल्या लेकीसाठी बापाकडून काहीतरी म्हणून ती दिली होती, पोरीचं तोंड पाहायला गेला तेव्हा, दोन-तीन दिवसांपूर्वी. त्याआधीचे दिवस ती त्याच्या खिशात होती.

"चोरी काऊन केली?" हवालदार बाईंनी विचारलं.

"चोरी नाई वो बाई. कंडम माल होता थो. लाल पट्टी होती त्याच्यावर."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. सरकारी दवाखान्यात जे निकामी ठरतं, मोडकी खुर्ची, गंजका पलंग, त्याच्यावर लाल रंगाची फुली मारून ते बाहेर ढकलतात, हे इथल्या प्रत्येक हमालाला माहीत असतं. आणि बाहेरून आलेल्या त्या कंपनीची रीत अशी, की ज्याला हात लावायचा नाही, ज्यात धोका आहे, त्याला लाल पट्टी. काचेच्या टिकल्या लावणाऱ्या हुशार लोकांना इथला लाल रंग काय बोलतो हे विचारावंसं वाटलं नाही, आणि इथल्या लोकांना सांगावंसं वाटलं नाही.

"आणि डब्यावरचं ते पिवळं चित्र? ते दिसलं नाही तुला?"

"पंख्याचं चित्र होतं जी. वाटलं, पंख्याची मोटर गिटर असन आतमंदी."

आता प्रश्न होता गावाचा. गाडीने जायला वेळ लागणार. तोवर आई आणि पोर नळीपासून लांब गेली पाहिजेत. मी गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला. खरं सांगितलं तर गोंधळ उडेल, कुणीतरी शूर माणूस नळी हातात धरून नदीकडे धावेल. म्हणून एवढंच सांगितलं, "त्या घरातल्या बाळंतिणीला आणि पोरीला ताबडतोब समाजमंदिरात न्या. अंथरूण, पांघरूण, कपडे, काही घ्यायचं नाही. घराला बाहेरून कडी लावा, आत कुणी जायचं नाही."

"काऊन जी साहेब? साप हाये का घरात?"

"साप समजा," मी म्हटलं.

आम्ही निघालो. हमालाला दुसऱ्या गाडीत, सोबत दोन जवान आणि पंच. माझ्या गाडीत मागे हवालदार बाई आणि मॅडम, मॅडमच्या पायाशी दुसरा शिशाचा डबा, लांब दांड्याचा चिमटा, मांडीवर यंत्र. मुंबईचं पथक अजून वाटेतच होतं आणि मॅडम थांबायला तयार नव्हत्या. सूरजागडच्या लोहखाणीकडून येणाऱ्या ट्रकांची रांग रस्त्यावर, लाल धुळीने समोरची काच माखलेली. ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढत नव्हता. मागे हवालदार बाई पुटपुटत होत्या. देवाचं नाव घेत असतील असं वाटलं, पण त्या म्हणत होत्या, "धुकधुक होऊन राह्यली बाप्पा, धुकधुक होऊन राह्यली."

घर गावाच्या कडेला होतं. कुडाच्या भिंती, अंगणात धानाचा ढीग, ओसरीवर जाळं टांगलेलं, त्याच्या कडेला जावयाने दिलेल्या नव्या शिशाच्या गोळ्या चमकत होत्या. पोलीस पाटील हात जोडून उभा. मॅडमनी जाळ्याजवळ यंत्र धरलं, काही नाही. शिसं निर्दोष होतं. मग त्या एकट्याच आत गेल्या. आम्ही अंगणात उभे. टिकटिक काही ऐकू येईना. बाज तपासली, उशी, वाकळ, कोपरा, चूल. मॅडम बाहेर आल्या.

"इथे नाही," त्या म्हणाल्या.

मी हमालाकडे वळलो. तो गाडीतून शपथा खात होता, "उशालेच होती जी, लेकीची आन!"

तेवढ्यात हवालदार बाईंनी कपाळावर हात मारला. "अवो साहेब, बाळंतीण उंबरा ओलांडते तं लोखंड घेऊनच ओलांडते! तुमी काई घेऊ नका म्हनलं, तं तिनं बाकी सारं ठेवलं असन. लोखंड कशी ठेवन थे?"

मी आयुष्यात इतका जोरात धावलो नसेन. समाजमंदिर जवळच होतं, पण ती गल्ली मला संपता संपेना. पायरीवर पोचलो आणि मॅडमच्या हातातलं यंत्र बोलायला लागलं. आधी थांबून थांबून, मग दाराशी एकसारखं, तडतडत, तव्यावर मोहरी टाकावी तसं.

आत सतरंजीवर दहा-बारा बायका गोळा झालेल्या. बाळंतीण एका कोपऱ्यात भिंतीला टेकून, शेजारी तिची आई. पोर मांडीवर. "सगळे बाहेर व्हा! लगेच!" मी ओरडलो. माझा तो आवाज ऐकून बाजारात भांडणं थांबायची. पण इथे उलटंच झालं. बायका पळाल्या, आणि ती पोरगी, कारण ती आई म्हणजे पोरगीच होती, तिने लेकराला छातीशी घट्ट धरलं. दुसऱ्या हाताची मूठ आणखी आवळली. त्या मुठीतून काळा दोरा लोंबत होता.

पोलीस ओरडतोय, म्हणजे संकट आलं. संकट आलं, म्हणजे लोखंड सोडायचं नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही सोडलं नसतं.

"ठेव ते खाली, बाई," मी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला.

तिची आई मध्ये पडली. "सव्वा महिना नाई झाला अजून साहेब. लोखंड काढाचं नसते. पोरीले काई झालं तं?"

तिला काय सांगणार? की होतंय ते त्यानेच होतंय? हे समजावत बसायला वेळ कुठे होता? यंत्राची तडतड माझ्या कानात, डोक्यात, दातांत घुसली होती. मॅडम चिमटा धरून पुढे सरकल्या, तशी ती पोरगी किंचाळली.

तेव्हा हवालदार बाईंनी काय केलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांनी कमरेची बेडी काढली. सरळ आत गेल्या, कोपऱ्यात तिच्यासमोर बसल्या आणि ती बेडी लेकराच्या दुपट्याच्या घडीत ठेवली. "हे घे माय. हे सरकारी लोखंड हाये. याच्याहून मोठं लोखंड साऱ्या गावात नाई. भले भले चोट्टे भितात याले, वाईट वारं काय येते! थे बारकं लोखंड मले दे आता, टाक खाली."

ती बेडीकडे बघत राहिली. मग आईकडे बघितलं. म्हातारीने मान डोलावली. मूठ उघडली आणि ती एवढीशी नळी सतरंजीवर पडली. हवालदार बाईंनी त्या दोघींना दंडाला धरून उठवलं आणि लेकरासकट बाहेर काढलं. मॅडमनी चिमट्याने नळी उचलली, डब्यात टाकली, झाकण फिरवलं. तडतड विरत विरत थांबली.

मी भिंतीला धरून उभा होतो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पंच, पाटील, शिपाई, सगळे बघत होते. बघू देत. जप्ती पंचनामा लिहायला बसलो तेव्हा माझी सही मलाच ओळखू येईना.

पुढचं थोडक्यात सांगतो. बाप नागपूरला भरती झाला. मांडीचं मांस काढावं लागलं, अजूनही तो लंगडतो. त्याच्यावर गुन्हा होताच, पण दोषारोपपत्रात मी त्या लाल पट्टीचं सगळं लिहिलं, कुणाला आवडो न आवडो. रुग्णालय आणि कंपनीची चौकशी वेगळी झाली, ती माझ्या हातात नव्हती. बेडी सव्वा महिना त्या घरातच राहिली. ठाण्याच्या सामानात एक बेडी कमी का, म्हणून मला लेखी खुलासा मागितला गेला. मी लिहिलं, 'तपासकामी बाहेर आहे.' खोटं नव्हतं ते.

आईच्या तळहातावर चट्टा उमटला आणि बरा झाला. पोरीला बाहेरून काहीच झालं नाही. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आज काही नाही याचा अर्थ पुढे काही नाही असा होत नाही. दर वर्षी रक्त तपासायचं आणि वाट बघायची. किती वर्षं, असं मी विचारलं. त्यांनी कागदावर फक्त पुढच्या वर्षाची तारीख लिहून दिली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं मला व्याख्यानात नवे अधिकारी विचारतात. मी सांगतो, समोरचा माणूस उत्तर काय देतो याच्याइतकंच तो विचारतो काय, याकडे कान ठेवा. त्याला जिथे भीती वाटते तिथे तुमचा तपास असतो. आणि तुम्ही त्याला जास्त घाबरवलंत तर तो विचारायचाच नाही. पोरं वहीत लिहून घेतात, टाळ्या वाजवतात, चहा होतो.

व्याख्यानात मी एक सांगत नाही, ते इथे सांगतो. ती पोरगी आता शाळेत जाते. वर्षातून एकदा रक्ताची तपासणी झाली की तिची आई मला फोन करते. अहवाल चांगला आला म्हणून सांगते, धानाचं सांगते, नवऱ्याच्या पायाचं सांगते. आणि फोन ठेवता ठेवता दर वेळी तेच विचारते.

"साहेब, आता भ्याचं काम नाई ना?"

"नाही बाई," मी म्हणतो. "काही भ्यायचं नाही."

लोकांचं खोटं मी आवाजावरून ओळखत आलो. तिला माझं ओळखू येत असेल का, या भीतीने मी लगेच फोन ठेवून देतो.